टोकाचा कार्बन

त्या दिवशी धोंडू न्हाव्याने मला 'कधी जातलंस' असं विचारलं नाही. झालं ते एवढंच. त्याने मानेभोवती फडकं आवळलं, डोक्यावर पाणी मारलं, कात्री हवेतल्या हवेत दोनदा चालवून घेतली आणि मुकाट्याने केस कापायला लागला. मुंबईहून आलेल्या माणसाला मालवणात दोन प्रश्न विचारायची रीत आहे. कधी इलंस, आणि कधी जातलंस. दोन्ही एका दमात विचारतात, मधे थांबत नाहीत, त्यामुळे आलेल्याला आपण आल्याआल्याच निघालो आहोत असं वाटतं. मी मे महिन्यात पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने आलो. पहिला प्रश्न जूनमध्ये बंद झाला, ते साहजिक होतं. दुसरा मात्र चालू राहिला. बाजारात, पोस्टात, देवळाच्या पायरीवर, एकदा तर एका मयताच्या मागून चालताना. मी 'बघू' म्हणायचो. 'बघू' हे उत्तर कुठल्याही प्रश्नाला चालतं, फक्त युनिव्हर्सिटीच्या प्रश्नपत्रिकेला चालत नाही. धोंडूने मला हा प्रश्न आजवर पाच वेळा विचारला होता, म्हणजे जितक्या वेळा मी केस कापले तितक्या वेळा. आज त्याने माझं डोकं उजवीकडे वळवलं, डावीकडे वळवलं, मानेवर वस्तरा फिरवला आणि फडकं झटकताना म्हणाला, "बुधवारी येत जा. बुधवारी गर्दी नसता."

बुधवार हा गावातल्या गिऱ्हाइकांचा वार होता. शाळेतले मास्तर, पोस्टमन आणि एक पाय नसलेले निवृत्त खलाशी बुधवारी यायचे. मी उठलो. आरशात माझ्या मागे समुद्राचा एक चौकोन दिसत होता आणि त्यात काही नव्हतं. गणपतीला आलेले सगळे चाकरमानी परत गेले होते. त्यांच्या ट्रंका गेल्या, पोरं गेली, 'काय तुमच्या गावात वीज नाही' म्हणणाऱ्या बायका गेल्या. प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातन करताना जे उकळतं ते वाफ होऊन नळीतून पलीकडे जातं, त्याला नाव मिळतं, वजन मिळतं, गुण मिळतात. चंबूच्या तळाशी जे उरतं ते शिपाई घासून काढतो. मी घरी चालत निघालो. कॉलरच्या आत केस टोचत होते. वाटेत तीन ओळखीची माणसं भेटली आणि तिघांनीही मला काही विचारलं नाही.

खरं तर मी जाणार होतो. म्हणजे जाता येत होतं. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरलेला होता, पेपर आठ तारखेला होता, आणि गणपतीला आलेला माझा मोठा भाऊ विश्रामदादा आरतीच्या दोन कडव्यांच्या मधे माझ्या कानात सांगून गेला होता की रंगाच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेतली एक जागा त्याने बोलून ठेवली आहे, नोव्हेंबरपर्यंत ती थांबेल, पुढे थांबणार नाही. पास झालो तर जागा माझी. एका विषयाचा प्रश्न होता. सेंद्रिय रसायन, शंभरपैकी तेहतीस. पस्तीसला पास. अडचण अशी की मी गेलो तर घरात आई एकटी राहणार, आणि न गेलो तर दर बुधवारी धोंडू. या दोहोंपैकी एक निवडायचं होतं आणि निवडण्याच्या बाबतीत माझा पूर्वेतिहास चांगला नव्हता.

ते दोन गुण कुठे गेले हे मी कोणाला सांगितलेलं नाही. विश्रामदादाला वाटतं मी सिनेमे पाहिले. गिरगावात आमच्या गाववाल्यांची जी खोली आहे तिथल्या बावीस जणांना वाटतं की बावीस जणांच्या घोरण्यात मला अभ्यास झाला नाही. दोन्ही कारणं इज्जतीची आहेत, म्हणून मी ती राहू दिली. प्रत्यक्षात अभ्यास झाला होता. प्रश्न सोपा होता. एका ओळीत चार कार्बन. दुसऱ्या कार्बनाला एक ब्रोमीन लटकलेला, बाकीच्या सगळ्या हातांना हायड्रोजन. अल्कोहोलात कॉस्टिक पोटॅश विरघळवून त्यात हे उकळायचं. पोटॅश शेजारच्या कार्बनाचा एक हायड्रोजन ओढून नेतो, त्याच क्षणी ब्रोमीन घर सोडतो, आणि ज्या दोघांकडून हे गेले त्या दोन कार्बनांमध्ये एका बंधाचे दोन बंध होतात. आता सांगा, हायड्रोजन कुठल्या शेजाऱ्याचा गेला. ब्रोमीनवाल्याला शेजारी दोन. एक टोकाचा, त्याच्याकडे तीन हायड्रोजन. एक आतला, त्याच्याकडे दोनच. सायत्झेफ नावाच्या रशियन गृहस्थाचा नियम असा की ज्याच्याकडे कमी, त्याच्याकडूनच घ्यायचं. रशियन माणूस असं बोलला याचं मला फार वाईट वाटलं होतं; मग प्राध्यापकांनी सांगितलं की तो क्रांतीच्या आधीचा. नियमामागे कारण आहे. दुहेरी बंध जितका आत, जितकी आजूबाजूला माणसं, म्हणजे कार्बन, तितका तो टिकाऊ. टोकाच्या दुहेरी बंधाला एका बाजूने कोणी नाही.

हे मला येत होतं. इतकं येत होतं की मी या चौघांना घरची नावं दिली होती. दुसरा कार्बन आई. तिच्या एका बाजूला आतला, विश्रामदादा. त्याच्या पलीकडे आनंदीवहिनी. आईच्या दुसऱ्या बाजूला, टोकाला, मी. आणि आईला लटकलेले, जड, एकटे असले की उग्र वास येणारे, आमचे वडील. वडील गलबतावर तांडेल होते. मी दहा वर्षांचा असताना एका मार्गशीर्षात गलबत घेऊन मंगळूरकडे गेले ते परत आले नाहीत. बुडाले असं आम्ही कोणाला सांगत नाही, कारण ते बुडाले नाहीत. गलबत परत आलं. खलाशी परत आले. त्यातल्या एकाने सांगितलं की तांडेल बरे आहेत, जाडे झाले आहेत. त्याच आठवड्यात विश्रामदादाला मुंबईला पाठवायचं ठरलं. वडील समुद्राने गेले होते, दादा एस.टी.ने घाटाकडून गेला. पुढे कॉलेजात शिकलो की हायड्रोजन आणि ब्रोमीन एकमेकांच्या उलट दिशांना असले तरच ते एका क्षणी सुटतात, पाठीला पाठ करून. वर्गात साठ मुलं हे लिहून घेत होती आणि मला वाटत होतं, हे मी पाहिलं आहे, एक समुद्राकडे, एक घाटाकडे, मधे आई पायलीने भात मोजत होती आणि तिचा आकडा चुकला नव्हता.

नियमाप्रमाणे उत्तर उघड होतं. आईचा दुहेरी बंध विश्रामदादाशी. एका अंगाला वहिनी, दुसऱ्या अंगाला मी, दोन्हीकडून आधार, टिकाऊ, मुख्य उत्पादन. दादाने तिला किती वेळा नेतो म्हटलं होतं. दोन खोल्या, घरात नळ, नातवंडं. एकदा तर तो तिची ट्रंक बोटीवर चढवूनही बसला. ट्रंक मुंबईला जाऊन आली. आई गेली नाही. ती म्हणाली, "आणि ते इले म्हणजे? दार कोण उघडतला?"  दादाच्या दोन्ही खोल्यांना मिळून एकच दार होतं.

तर परीक्षेच्या हॉलमध्ये मी ते चार कार्बन काढले, ब्रोमीन काढला, पोटॅशचा बाण काढला, आणि बाण आतल्या कार्बनाच्या हायड्रोजनाकडे न्यायच्या वेळी माझा हात थांबला. एका बाजूला नियम होता, तो रशियातला होता. दुसऱ्या बाजूला आमचं घर होतं, ते मी पाहिलं होतं. माझ्या जागी दुसऱ्या गावचा मुलगा असता तर त्याने नियम लिहिला असता किंवा पेन चावलं असतं. आमच्या गावात असं अडलं की कौल लावतात. देवाच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, आणि आधी कुठली पडते ते बघायचं. उजवी पडली तर हो. डावी पडली तर नाही. लग्न, भाऊबंदकी, गाय हरवणं, विहीर कुठे खणायची, सगळं यावर चालतं आणि कौल न लावणाऱ्या घरांपेक्षा फार वाईट चालतं असं नाही. मी शाईची दौत समोर ठेवली. टीपकागदाचे तांदळाएवढे दोन तुकडे फाडले, जिभेवर ओले केले, दौतीच्या दोन अंगांना चिकटवले. उजवा म्हणजे आतला, डावा म्हणजे टोकाचा. मनात म्हटलं, बा देवा म्हाराजा, ह्या पोरान शिकान शिकान शेवटाक तुकाच विचारल्यान, काय ता सांग. एवढ्यात पर्यवेक्षक आले. त्यांना ते कागदाचे तुकडे दिसले. त्यांनी एक नखाने सोडवून उजेडात धरला, मागून पाहिला, पुढून पाहिला, वास घेतला, आणि परत जिथे होता तिथे चिकटवून गेले. कोऱ्या चिठ्ठ्यांबद्दल विद्यापीठाचा काही नियम नाही. पंखा फिरत होता. मिनिटभराने डावा पडला. मी टोकाचा ब्यूटीन लिहिला. तीन गुणांचा प्रश्न होता.

देव चुकला असं मी म्हणणार नाही. पुस्तकात तळटीप आहे: शंभरातले ऐंशी रेणू नियमाने आत जातात, वीस टोकाला राहतात. टोकाचाही होतो. त्याच चंबूत, त्याच आचेवर. पण प्रश्नात 'मुख्य' असा शब्द होता, आणि वीस जे आहेत त्यांना कोणी विचारत नाही. मी हिशेब करून पाहिला होता. आमच्या वर्गातली मालवणची पाच पोरं, चौघं नोकरीला लागली. विज्ञान बरोबर होतं.

घरी आल्यावर जे सुरू झालं ते पुस्तकात दिलेलंच होतं, फक्त तिथे एका ओळीत दिलं आहे. एकेरी बंधाभोवती कार्बन मोकळेपणी गरगर फिरू शकतो. दुहेरी बंधाभोवती फिरता येत नाही. ज्याचं तोंड जिकडे आहे तिकडेच राहतं. आई ओसरीवर खांबाच्या या अंगाला बसायची, मी त्या अंगाला. ती समुद्राकडे तोंड करून, मी घाटाकडे. समोरासमोर असण्यापेक्षा असं तिरपं असणं जास्त स्थिर, हेही पुस्तकात आहे. ती भाजी निवडायची, मी सेंद्रिय रसायन वाचायचो, आणि जेवायची वेळ झाली की ती म्हणायची, "जेवन वाढलंय," आणि मी म्हणायचो, "इलंय." जून, जुलै, ऑगस्ट. पावसाने भिंतीला शेवाळ चढलं, पुस्तकाला बुरशी आली, ती मी दर रविवारी फडक्याने पुसायचो. मोठ्याने वाचायची मला सवय. एकदा शेजारच्या राधाबाई कुंपणापाशी येऊन आईला हळूच म्हणाल्या, "गो सुभद्रा, तुझो झील दारयेचा शिकता की काय? सकाळधरून अल्कोल अल्कोल चलला हा." दारूबंदीचे दिवस होते. आई म्हणाली, "त्येच्यात पोटॅश घालून उकळतत, मगे ती पिवक येणा नाय." राधाबाईंचं समाधान झालं. माझं मात्र जेवणात लक्ष लागलं नाही. ती ऐकत होती. तीन महिने ती पाठमोरी बसून सगळं ऐकत होती. मी तिला चार कार्बनांची नावं मोठ्याने वाचून दाखवली नव्हती ना, हे मी किती तरी वेळ आठवत राहिलो. दुहेरी बंध ओळखायची एक परीक्षा आहे. ब्रोमीनचं तांबडं पाणी आत घालायचं. बंध असेल तर ब्रोमीन त्या दोघांत जाऊन बसतो आणि पाण्याचा रंग उडतो, काचेत काही नव्हतंच असं दिसतं. संध्याकाळी बंदराकडून कोणी जड पावलांचा माणूस वर येताना दिसला की आई भाजीवरून मान उचलायची, आणि मी त्या माणसाचा रंग बघायचो. तो दुसऱ्या कोणाकडे तरी जायचा.

धोंडूकडून आलो त्या दुपारी मी आईला सांगितलं, "शुक्रवारची बोट आसा." तिने विळीवरून बोट उचललं नाही. म्हणाली, "उद्या देवळात जाऊया. कौल लावया." मी म्हटलं, "परीक्षेचा?" ती म्हणाली, "तुझ्या परीक्षेचा देवाक काय कळता?" यावर माझ्याकडे भरपूर उत्तर होतं, पण ते मी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

देऊळ आमच्या वाडीपासून दीड मैलावर, भातशेतांच्या मधे. भाताला कणसं धरली होती. आई पुढे, मी मागे, बांधावरून दोघांना शेजारी चालता येत नाही. भिकाजी गुरव सभामंडपात आडवा झाला होता, तो उठून बसला आणि सदरा घालण्यापूर्वी त्याने मला आपादमस्तक पाहिलं. "काय विचारूचा आसा?" आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू भायर रव." मी बाहेर खांबाला टेकून उभा राहिलो. तिथून गाभाऱ्यातला पाषाण दिसतो, आई दिसते, आणि बोललेलं ऐकू येतं. बाहेर राहण्याला तिथे फारसा अर्थ नाही. भिकाजी तगरीच्या पाकळ्या पाण्यात बुडवायला कळशीकडे आला, तेव्हा माझ्याजवळ थांबला. त्याला बोलायला माणूस मिळत नाही, देव उत्तर देतो पण बोलत नाही. हळू आवाजात म्हणाला, "तुझी आवस चैतात पन इल्ली. रामनवमीच्या दुसऱ्या दिसाक."

"कित्याक?"

"झील घराक येवंदे म्हणान. कौल लावलंय. फटकन उजवो दिल्यान देवान. येवढो फटकन मी बघूक नाय. आनि तू इलंस मां?" तो खूश दिसला. आपण केलेलं काम उभं राहून समोर दिसावं असा प्रसंग गुरवाच्या आयुष्यात वारंवार येत नाही.

रामनवमीचा दुसरा दिवस. मला तो दिवस ठाऊक होता, कारण त्या दिवशी सकाळी अकरा ते दोन सेंद्रिय रसायन होतं. म्हणजे एकाच दिवशी दोन अर्ज गेले होते. एक गिरगावातून, शाईच्या दौतीवरून, तीन गुणांबद्दल. दुसरा इथून, दीड मैल चालून, अनवाणी. देवाने एकाच्या उजव्याला एकाचा डावा जोडून दिला, दोन्ही उत्तरं एकमेकांशी तंतोतंत जुळत होती, शिल्लक काही उरत नव्हती. मला राग यायला हवा होता. मी थोडा वेळ त्याची वाट पाहिली. आलं ते वेगळंच. मला एकदम आठवलं की चैत्रात या वाटेवर सावली नसते.

भिकाजीने पाकळ्या लावल्या. एक उजवीकडे, एक डावीकडे. मग त्याने गाऱ्हाणं घातलं, झोपेतून उठलेल्या आवाजात, पण शब्द न चुकता. "बा देवा म्हाराजा. ही तुझी लेक सुभद्रा तुझ्या पायाकडे इली आसा. तिचो धाकलो झील आता मुंबैक जावक निघालो हा. तेका धाडूचो, तर उजवो दी. घराक ठेवूचो, तर डावो दी. काय आसात ता मोकळ्या मनान सांग रे म्हाराजा." गाऱ्हाण्याच्या शेवटी 'होय महाराजा' म्हणायला चार माणसं लागतात, तिथे कोणी नव्हतं. आईने स्वतःच म्हटलं, हळू. मी बाहेरून ओठ हलवले.

पाकळ्या पडल्या नाहीत. पाषाण ओला होता, पाकळ्या ओल्या होत्या, वारा नव्हता. एका वटवाघळाने जागा बदलून स्वतःला परत टांगून घेतलं. भिकाजीने एक विडी होईल इतका वेळ वाट पाहिली, मग दुसरी होईल इतका. "देवाक आज घाई नाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "प्रश्न बदलूया?" आई म्हणाली, "नको." अकरा वर्षांपूर्वी तिने इथेच वडिलांसाठी कौल लावला होता. येतले काय, म्हणून. उजवा आला होता. मी तेव्हा इथेच याच खांबाशी होतो आणि खांब मला मोठा होता. त्यानंतर दर वर्षी कोणी ना कोणी तिला म्हणायचं, गो सुभद्रा, देवान तुका खोटा सांगल्यान. आणि ती म्हणायची, "खोटा कित्याक सांगात? येतले म्हणान सांगल्यान. केवां येतले, ता मियां विचारूक नाय." चूक तिची होती, प्रश्न अपुरा होता, असं तिचं मत. गुणपत्रिका असती तर तिने देवाला पुरे गुण दिले असते आणि स्वतःचे कापले असते.

बाहेर गाय भातात शिरली म्हणून भिकाजी शिव्या देत पळाला. गाभाऱ्यात आई आणि देव राहिले. आई गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. ती बराच वेळ त्या दोन पाकळ्यांकडे बघत होती, कोणतीही भाजी बघते तशी, चांगली की किडकी. मग तिने पदराचं टोक हातात घेतलं आणि देवाच्या उजव्या अंगाला, अगदी जवळ, एकदा झटकलं. माशी हाकलतात तसं. उजवी पाकळी पडली. डावी तिथेच राहिली.

माशी होती की नव्हती, हे मी सांगू शकत नाही. मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे, जे दिसलं नाही ते लिहीत नाही. पदर दिसला. पाकळी दिसली. आईने इकडेतिकडे पाहिलं तेव्हा मी खांबाच्या मागे गेलो आणि खांबावर कोरलेला एक हत्ती लक्षपूर्वक पाहिला. भिकाजी धापा टाकत परत आला. त्याने पाकळी पाहिली आणि त्याचं तोंड उजळलं. "दिल्यान मां! उजवो." आई म्हणाली, "व्हय. दिल्यान." आणि देवाला वाकून नमस्कार करताना ती नेहमीपेक्षा जास्त वेळ खाली राहिली. परत येताना बांधावर ती पुढे होती. अर्ध्या वाटेवर, न वळता, म्हणाली, "देवान सांगला, जा म्हणान." मी म्हटलं, "बरा." तिने पदराच्या गाठीतून ती पाकळी काढून मागे हात केला. मी घेतली. घरी येऊन पुस्तकात ठेवली, त्याच पानावर. आता त्या प्रश्नाचं उत्तर मला दोन्ही बाजूंनी पाठ होतं. आत गेला तर ऐंशी, टोकाला राहिला तर वीस. टोकाचा सुटून गेला आणि मधला एकटाच उरला, तर पुढे काय होतं, हे मी अनुक्रमणिकेतही शोधलं. नव्हतं.

शुक्रवारी बंदरावर माझ्याखेरीज जाणारी चारच माणसं होती. बोट किनाऱ्याला लागत नाही, खडक आहेत. ती दूर उभी राहते आणि पडावातून तिच्यापर्यंत जावं लागतं. बाबली पडाववाल्याने माझी ट्रंक उचलून आत टाकली, तिचं वजन पाहून म्हणाला, "काय दगड घातलं हस?" मी म्हटलं, "कार्बन." आईने केळ्यांची फणी आणि एक डबा दिला. डबा कोणाचा, परत कधी द्यायचा, हे ती म्हणाली नाही, एरवी म्हणते. मी पाण्यात उतरून पडावात चढलो आणि तिच्याकडे तोंड करून बसलो. बाबलीने वल्हं रेटलं. मला वाटत होतं ती आता उभी राहील, पडाव टिंब होईपर्यंत, तशा बायका राहतात. वडील गेले तेव्हा ती राहिली होती. पडाव दोन हात सरकला असेल, आणि आई वळली. सावकाश, टाचेवर, पूर्ण. तिने आमच्याकडे पाठ केली आणि वाळूतून वर, घराकडे चालू लागली. तिचं तोंड आता घाटाकडे होतं. पाच महिन्यांत मी तिला वळताना पाहिलं नव्हतं. ती वळू शकते हे पाहून मी बसल्या जागी हललो, पडाव कलला, आणि बाबली म्हणाला, "निवांत बस."

मी निवांत बसलो. ती धोंडूच्या दुकानावरून गेली. धोंडू दारात उभा होता, त्याने तिला काहीतरी विचारलं, तिने मान हलवली, हो की नाही ते इतक्या लांबून कळलं नाही. मग माड लागले आणि ती दिसेनाशी झाली. मी वळून बोटीकडे तोंड करून बसलो. पाणी तळाशी हिरवं होतं आणि वर कुठल्याच रंगाचं नव्हतं.

बाबलीने दहापंधरा वल्ही मारली. मग, मालवणात जाणाऱ्या माणसाला विचारायची जी रीत आहे त्याप्रमाणे, माझ्याकडे न बघता विचारलं, "आता केवां येतलंस?"

"येतलंय," मी म्हटलं.

बाबली थांबला. त्याला उरलेलं उत्तर हवं होतं. वल्ह्यावरून पाणी टपकत होतं, आधी उजव्या, मग डाव्या.